ड्राइव्ह आला, ब्रेक जुन्याच वायरवर राहिला: रेट्रोफिट केलेल्या मिलिंग मशीनवरील एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील एका जॉब शॉपमधले आहे. आसपासच्या फाउंड्र्यांमधून येणारी ग्रे कास्ट आयर्नची कास्टिंग, म्हणजे पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्सची झाकणे आणि बेअरिंग हाउसिंग, येथे मशीन होऊन बाहेर जातात. काम दोन पाळ्यांमध्ये चालते. मालक स्वतः यंत्रशाळेत उभे राहणारे आहेत, देखभालीसाठी एक अभियंता आणि एक इलेक्ट्रिशियन आहे. कारखान्याची आणि व्यक्तींची ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत.

प्रकरणातले मशीन म्हणजे परदेशातून जुने म्हणून आणलेले बेड टाइप व्हर्टिकल मिलिंग मशीन. त्याचे ओतीव अंग, स्लाइड आणि स्पिंडलचे, म्हणजे टूल फिरवणाऱ्या मुख्य दंडाचे, बेअरिंग उत्तम होते, परंतु मूळ कंट्रोलची कार्डे मिळेनाशी झाली होती. म्हणून ते एका बाहेरच्या ठेकेदाराकडून रेट्रोफिट करून, म्हणजे जुन्या अंगावर नवे कंट्रोल बसवून, घेण्यात आले. तिन्ही अक्षांना नवे सर्व्हो बसले, कंट्रोल म्हणून औद्योगिक संगणकावर लिनक्ससीएनसी हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर आले. स्पिंडलची ५.५ किलोवॅटची मूळ चार पोलची मोटर तशीच ठेवून तिला व्हीएफडी, म्हणजे विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणारे उपकरण, कारखान्याच्या भाषेत नुसता ‘ड्राइव्ह’, जोडण्यात आला.

या शेवटच्या बदलाचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा, कारण सगळे प्रकरण त्यातूनच उभे राहिले. पूर्वी ही मोटर कॉन्टॅक्टरमधून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, थेट ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालत असे. ती एक तर पूर्ण वेगाने फिरे, नाही तर बंद असे, आणि स्पिंडलचा वेग गिअरच्या दांड्यांनी बदलला जाई. ड्राइव्ह आल्यानंतर मोटर १० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान कुठेही चालू लागली. गिअरच्या दोन रेंज शाबूत होत्या, पण ‘आता गिअर बदलायची गरज नाही’ असे ठेकेदाराने सांगितल्यामुळे दांडा कायमचा वरच्या रेंजमध्येच राहिला.

मोटरच्या मागच्या बाजूला, पंख्याच्या जाळीखाली, स्प्रिंगने लागणारा आणि वीज दिल्यावर सुटणारा डिस्क ब्रेक आहे. त्याची नाममात्र क्षमता ६० न्यूटन-मीटर. या मशीनवर टूल बदलण्यासाठी ड्रॉबार, म्हणजे टूलला स्पिंडलमध्ये खेचून धरणारा रॉड, वरून पान्याने सोडावा लागतो आणि त्या वेळी स्पिंडल धरून ठेवण्याचे काम हाच ब्रेक करतो. ब्रेक सोडण्यासाठी हाताचा एक लहान लिव्हरही आहे; तो ओढून धरला की स्पिंडल हाताने फिरवता येतो आणि जॉबचे बोअर, म्हणजे छिद्र, डायल गेजने तपासून मध्यावर आणता येते.

तक्रार

रेट्रोफिटनंतर काही महिने मशीन समाधानकारक चालले, कारण त्या काळात बहुतेक काम फेस मिलिंगचे, म्हणजे सपाट पृष्ठभाग कापण्याचे, होते आणि स्पिंडल सतत वरच्या वेगांवर फिरत होता. पुढे पंपाच्या बॉड्यांची मोठी ऑर्डर आली आणि ८० मिलिमीटर व्यासाचे बोरिंग, म्हणजे छिद्र मापात मोठे करण्याचे काम, सुरू झाले. कास्ट आयर्नसाठी कार्बाइडचा मिनिटाला १०० मीटरचा कटिंग स्पीड धरला, तर या व्यासाला ४०० आरपीएम येतात. वरच्या रेंजमध्ये तेवढ्या वेगासाठी मोटर जेमतेम १४ हर्ट्झवर चालते.

तेव्हापासून लॉग बुकात दोन प्रकारच्या नोंदी दिसू लागल्या. पहिल्या पाळीची तक्रार अशी, की कमी वेगाला स्पिंडल सुरू केल्यावर ड्राइव्ह ओव्हरलोड दाखवून ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो, आणि मोटरच्या मागून जळका वास येतो. दुसऱ्या पाळीची तक्रार नेमकी उलटी होती: टूल बदलताना स्पिंडल धरला जात नाही, पान्याबरोबर फिरतो, आणि ड्राइव्ह कधी बंद पडला की स्पिंडल बराच वेळ नुसता घरंगळत राहतो.

एकाच ब्रेकबद्दल ‘सुटत नाही’ आणि ‘लागत नाही’ अशा दोन तक्रारी आल्यावर देखभाल विभागाने त्या एकत्र ठेवून पाहायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या दोन स्वतंत्र कागदांवर, दोन वेगवेगळ्या दोषांच्या नावाने नोंदल्या गेल्या. पहिला दोष ड्राइव्हचा मानला गेला आणि दुसरा ब्रेकच्या झिजलेल्या लायनरचा, म्हणजे घर्षणाच्या थराचा.

पहिले निदान आणि पहिली दुरुस्ती

दिवस पावसाळ्याचे होते. कोल्हापूरच्या जुलैमधील दमट हवेत साप्ताहिक सुट्टीनंतर स्प्रिंगचा ब्रेक उघडला, तर डिस्कवर गंजाचा पातळ थर येऊन लायनर चिकटलेला आढळणे मुळीच नवलाचे नाही. त्यात कास्ट आयर्न कोरडे कापले जाते आणि त्याची ग्रॅफाइटयुक्त बारीक धूळ पंख्याच्या वाऱ्याबरोबर ब्रेकमध्ये शिरते. त्यामुळे ‘ओलाव्याने ब्रेक चिकटतो आणि धुळीने लायनर खाल्ला जातो’ हे निदान सर्वांना पटले. मोटर गरम होते याचेही उत्तर तयार होते: पंखा मोटरच्याच शाफ्टवर आहे, मोटर हळू फिरली की पंखाही हळू फिरतो, मग मोटर तापणारच. हे म्हणणे खरेच होते, पण तापण्याचे दुसरे कारण त्याच्या आड लपून राहिले.

ब्रेक उतरवल्यावर लायनर झिजलेला, एका कडेला काळपट आणि चकचकीत झालेला दिसला. आर्मेचर, म्हणजे ब्रेक सोडताना चुंबकाकडे ओढली जाणारी चकती, आणि चुंबकाचे मुख यांमधील हवेची फट फीलर गेजने मोजली, तेव्हा ती ०.३ मिलिमीटरच्या जागी ०.६ मिलिमीटरच्याही पुढे गेलेली होती. डिस्कला कोल्हापूरच्या उद्यमनगरातून नवा लायनर चिकटवून आणला, फट पुन्हा ०.३ वर आणली आणि मशीन सुरू केले. ट्रिप थांबले. ऑर्डर पुढे सरकली आणि विषय मिटल्याचे समजले गेले.

येथे पहिला निर्णायक क्षण हातातून निसटला. रेट्रोफिटनंतर इतक्या थोड्या काळात एवढा लायनर झिजलाच कसा, असे कोणी विचारले नाही. या ब्रेकचे काम नुसते धरून ठेवण्याचे. थांबलेला स्पिंडल धरणाऱ्या ब्रेकचा लायनर वर्षानुवर्षे टिकतो. तो झिजला याचा अर्थ तो फिरत्या डिस्कवर घासला जात होता. डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असताना हा प्रश्न मागे पडणे समजण्यासारखे आहे, परंतु त्याची किंमत पुढे दुसऱ्या लायनरच्या रूपाने मोजावी लागली. काही आठवड्यांतच ट्रिप परत आले आणि या वेळी ते आधीपेक्षा जास्त होते.

दुरुस्तीनंतर दोष काही काळ का दबला, याचे स्पष्टीकरण नंतर सापडले. नवा लायनर डिस्कवर पूर्ण बसलेला नसतो, त्यामुळे सुरुवातीला त्याचे घर्षण कमी असते. शिवाय फट लहान असल्याने ब्रेक कमी व्होल्टेजलाही सुटत होता. लायनर बसला तसा ब्रेकचा टॉर्क वाढला, आणि रोजच्या घासण्याने फटही वाढत गेली. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने सरकल्या.

दोन पाळ्यांच्या दोन युक्त्या

दुसऱ्यांदा तक्रार आल्यावर देखभाल अभियंत्याने ड्राइव्ह बदलण्याचा प्रस्ताव मालकांपुढे ठेवला होता. मालकांनी खर्चाला मंजुरी देण्याआधी त्याला दोन्ही पाळ्यांना मशीनपाशी उभे राहायला सांगितले. या प्रकरणातील सर्वांत फायद्याचा निर्णय बहुधा हाच होता, जरी तो तांत्रिक विचारापेक्षा खर्च टाळण्याच्या इच्छेतून आला असला तरी.

पहिल्या पाळीच्या जुन्या ऑपरेटरला अभियंता मामा म्हणतो. मामांच्या हाताखाली ट्रिप आता जवळजवळ होतच नव्हते. कारण विचारल्यावर त्यांनी सांगितले, “साहेब, थेट चारशेला सोडलं की अडतंय. आधी पंधराशेला सोडायचं, आवाज मोकळा झाला की मग चारशेला आणायचं. मग काय होत नाही बघा.” प्रोग्रॅममध्येही त्यांनी बोरिंगच्या आधी एस१५००ची, म्हणजे १५०० आरपीएम मागणारी, एक ओळ घालून ठेवली होती, आणि ती कोणाला खटकली नव्हती.

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर तरुण होता आणि त्याचा मार्ग निराळा होता. त्याने हाताच्या लिव्हरखाली लाकडाची पाचर मारून ब्रेक कायमचा सोडून ठेवला होता. त्याच्या पाळीत ट्रिप होत नसत, मात्र टूल बदलताना स्पिंडल धरलाही जात नसे, आणि काही कारणाने ड्राइव्ह बंद पडला तर स्पिंडल थांबवणारे काहीच उरत नसे. पाळी संपताना तो पाचर काढून घेई, त्यामुळे सकाळी ब्रेक पुन्हा ‘सुटत नाही’ या अवस्थेत सापडे.

पाचरीची गोष्ट धोक्याची होती आणि ती त्याच दिवशी बंद करण्यात आली. तरीही अभियंत्याने त्या ऑपरेटरवर आवाज चढवला नाही, हे येथे नोंदवायला हवे. रागावणी झाली असती तर पाचर लपवली गेली असती आणि तिच्यातून मिळणारा पुरावाही. पाचर मारली की ट्रिप होत नाहीत, म्हणजे ड्राइव्ह, मोटर आणि गिअरबॉक्स निर्दोष आहेत. वेग आधी वर नेऊन मग खाली आणला की ट्रिप होत नाहीत, म्हणजे ब्रेक सुटण्याचा संबंध मोटरच्या वेगाशी आहे. ज्या ब्रेकची वीज स्वतंत्र असते, त्याला मोटरच्या वेगाची खबर असण्याचे कारण नाही.

मोजणी

पॅनलच्या नव्या आराखड्यात ब्रेक कुठेच दाखवलेला नव्हता. ‘ब्रेक आपोआप चालतो’ एवढेच सर्वांना ठाऊक होते. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घातले, ड्राइव्हमधील कपॅसिटर रिकामे होण्यासाठी लेबलवर दिलेला वेळ थांबून डीसी बसवरचे, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी भागातले, व्होल्टेज उतरल्याची मीटरने खात्री केली, आणि मग मोटरचा टर्मिनल बॉक्स उघडला. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बसवर ५८५ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज असते आणि वीज बंद केल्यावरही ते लगेच जात नाही, म्हणून ही पायरी कोणत्याही घाईत गाळू नये.

झाकणाच्या आत, टर्मिनल पट्टीशेजारी, ब्रेकचा मूळ रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा भाग, बसलेला होता आणि त्याच्या दोन वायरी मोटरच्याच दोन फेजवर जोडलेल्या होत्या. मूळ रचनेत हे अगदी योग्य होते. मोटरला ४१५ व्होल्ट मिळाले की हाफ वेव्ह रेक्टिफायरमधून त्याच्या सुमारे ०.४५ पट, म्हणजे १८७ व्होल्ट डीसी, कॉइलला मिळत. मोटर सुरू झाली की ब्रेक सुटे, बंद झाली की लागे. वेगळी वायर नाही, वेगळा रिले नाही. पण ड्राइव्ह वेग कमी करताना वारंवारतेबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी करतो, हर्ट्झमागे साधारण ८.३ व्होल्ट. १४ हर्ट्झला मोटरवर ११६ व्होल्टच उरतात, आणि मग ब्रेकच्या कॉइलला मिळणार तरी किती?

हे कागदावर मांडून न थांबता प्रत्यक्ष मोजले गेले. कॉइलच्या दोन टोकांना लांब वायरी लावून त्या बॉक्सबाहेर काढल्या, झाकण बंद केले आणि मीटर डीसीवर ठेवून वेगवेगळ्या वेगांना वाचन घेतले. ५० हर्ट्झला १८४ व्होल्ट, ३० ला ११२, २० ला ७६, आणि १४ ला ५५. ड्राइव्हच्या आउटपुटवर साध्या मीटरने एसी मोजले तर पल्सच्या आकारामुळे वाचन फसवे येते. रेक्टिफायरनंतर डीसीवर सरासरी मोजणे त्यापेक्षा विश्वासार्ह ठरते.

त्यानंतर ब्रेक नेमका केव्हा सुटतो ते पाहिले. वेग हळूहळू वाढवत नेला, तेव्हा आर्मेचर ओढले गेल्याचा ‘टक्’ आवाज ३५ हर्ट्झच्या सुमारास, १३० व्होल्टला आला. उलट वेग कमी करत आणला, तेव्हा आर्मेचर ४० व्होल्टपर्यंत ओढलेलेच राहिले आणि १० हर्ट्झच्या जवळ चुंबकापासून सुटून ब्रेक लागला. चुंबकाची खेच करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि फट जितकी मोठी तितकी ती झपाट्याने घटते. आर्मेचर एकदा चुंबकाला टेकले की फट जवळजवळ उरत नाही आणि थोडा करंटही त्याला धरून ठेवतो. मामांच्या युक्तीमागचे शास्त्र हेच होते. पंधराशेला ब्रेक सुटत होता आणि चारशेला आणल्यावर ५५ व्होल्टवर तो सुटलेलाच राहत होता. थेट चारशेला सोडले, तर १३० व्होल्ट कधीच येत नव्हते.

आता ओव्हरलोडचाही हिशेब लागला. ५.५ किलोवॅट आणि १४४० आरपीएमच्या मोटरचा पूर्ण टॉर्क ३६.५ न्यूटन-मीटर. ड्राइव्हने थोड्या वेळापुरता दीडपट दिला, तरी तो ५५ पर्यंत जातो. समोर ब्रेक ६० न्यूटन-मीटरचा. जुना, धुळीने माखलेला लायनर तेवढा धरत नव्हता, म्हणून मोटर त्याला घासत पुढे निघून जाई. नवा लायनर घासून डिस्कवर पूर्ण बसल्यावर तो पूर्ण ताकदीने धरू लागला आणि ट्रिप वाढले. वरच्या वेगाच्या प्रत्येक सुरुवातीलाही शून्यापासून ३५ हर्ट्झपर्यंत मोटर लागलेल्या ब्रेकविरुद्धच फिरत होती, एवढेच की ते कोणाच्या लक्षात येत नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ब्रेक काढूनच टाकण्याचा होता आणि तो ठेकेदाराने फोनवर सुचवला. ड्राइव्ह मोटरला थांबवू शकतो, गरज पडल्यास डीसी इंजेक्शनने, म्हणजे मोटरला डीसी देऊन, काही क्षण धरूही शकतो, मग ब्रेक कशाला, असा त्याचा मुद्दा. अनेक मशीनवर हा मुद्दा बरोबर ठरेल. येथे तो दोन कारणांनी नाकारला गेला. ड्रॉबार पान्याने सोडायचा असल्याने स्पिंडल यांत्रिकरीत्या धरला जाणे आवश्यक होते. आणि महावितरणचा पुरवठा मध्येच गेला तर ड्राइव्ह काहीच करू शकत नाही, स्प्रिंगचा ब्रेक मात्र तेव्हाच लागतो.

दुसरा पर्याय म्हणजे काहीही न बदलता गिअरचा दांडा वापरणे: कमी वेगासाठी खालची रेंज लावायची, म्हणजे मोटर ५० हर्ट्झजवळ राहील आणि ब्रेकला पुरेसे व्होल्टेज मिळेल. हा पर्याय फुकटचा होता आणि मोटरच्या थंडाव्याच्या दृष्टीने चांगलाही होता. परंतु सुरुवातीच्या वेगवाढीत घासणे त्याने थांबले नसते. शिवाय ड्राइव्हचे पल्स मिळत राहिल्याने रेक्टिफायरवर पडणारा ताणही तसाच राहिला असता. म्हणून तो कायमचा उपाय म्हणून नव्हे, तर काम होईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून स्वीकारला गेला.

तिसरा पर्याय ब्रेकला मोटरपासून तोडून स्वतंत्र पुरवठा देण्याचा. तो निवडला गेला, परंतु निवडल्यावरच खरे प्रश्न सुरू झाले: ब्रेक सोडण्याची आणि लावण्याची आज्ञा कोणी द्यायची?

आज्ञा कोणाची

लिनक्ससीएनसीमध्ये स्पिंडल ब्रेकसाठी स्वतंत्र पिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला संकेत, असते. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे होते, की ती पिन पॅनलमधल्या रिकाम्या आउटपुटला जोडावी आणि काम संपवावे. येथे दोन अडचणी होत्या. ही पिन ब्रेक ‘लावायचा’ असतो तेव्हा चालू असते. स्प्रिंगचा ब्रेक तर वीज दिल्यावर सुटतो. ती सरळ जोडली असती तर इमर्जन्सी स्टॉपमध्ये ब्रेक सुटला असता आणि स्पिंडल चालू करताना लागला असता. पिन उलटी करून हे सुधारता येते. दुसरी अडचण अधिक खोल होती: एम५ ही स्पिंडल थांबवण्याची आज्ञा मिळताच कंट्रोल ब्रेक लावायला सांगते, त्या वेळी स्पिंडल मात्र पूर्ण वेगात असतो. मोटर ८० हर्ट्झवर असताना फिरत्या भागांमधील ऊर्जा ५० हर्ट्झच्या तुलनेत अडीचपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. पूर्वीच्या रचनेत ब्रेकने कधीच एवढी ऊर्जा गिळली नव्हती.

म्हणून आज्ञा ड्राइव्हकडून घ्यायचे ठरले. ड्राइव्हमधील एक आउटपुट रिले ‘मोटर चालू’ या कामाला लावला. हा रिले वेग कमी होत असतानाही लागलेला राहतो आणि आउटपुट बंद झाल्यावरच पडतो. त्या रिलेच्या साखळीत इमर्जन्सीचा संपर्क जोडून त्यावर ब्रेकचा कॉन्टॅक्टर चालवला. अशा रीतीने एम५ नंतर ड्राइव्ह स्पिंडलला शून्यावर आणतो आणि मग ब्रेक नुसता धरतो. सुरुवातीला ब्रेक सुटेपर्यंत ड्राइव्ह क्षणभर सुरुवातीच्या वारंवारतेवर थांबेल, अशी सेटिंगही केली.

साधा कंट्रोल रिले न वापरता कॉन्टॅक्टर का, यावर पॅनलपाशी बराच खल झाला. कॉइलचा करंट अर्ध्या अँपिअरहूनही कमी, आणि रिलेवर तर ६ अँपिअर लिहिलेले. परंतु तो आकडा एसीचा असतो. १९० व्होल्टच्या डीसीवर, तेही कॉइलसारख्या भारावर, संपर्क उघडताना पडणारी ठिणगी लवकर विझत नाही, आणि अशा रिलेची डीसीची क्षमता एवढ्या व्होल्टेजला अँपिअरच्या अंशापर्यंत घसरते. संपर्क चिकटला तर ब्रेक कायमचा सुटलेला राहिला असता, म्हणजे पाचरीचाच नवा अवतार. कॉन्टॅक्टरचे दोन पोल रेक्टिफायरच्या एसी बाजूला आणि एक पोल डीसी बाजूला मालिकेत घातला. फक्त एसी बाजू तोडली, तर कॉइलचा करंट रेक्टिफायरच्या डायोडमधून फिरत राहतो आणि ब्रेक उशिरा लागतो. डीसी बाजू तोडली की तो लगेच लागतो, पण त्यासाठी कॉइलला समांतर व्हॅरिस्टर, म्हणजे व्होल्टेजचा झटका शोषणारा घटक, लावणे भाग असते. दोन्ही केले.

रेक्टिफायर नवा घेऊन पॅनलमध्ये आणला, त्याला ड्राइव्हच्या आधीच्या, स्थिर ४१५ व्होल्टच्या दोन फेजवरून फ्यूजमधून पुरवठा दिला, आणि कॉइलची केबल मोटरच्या केबलपासून वेगळ्या मार्गाने नेली. हाताच्या लिव्हरची गरज उरू नये म्हणून पॅनलवर चावीचा एक सिलेक्टर बसवला. ड्राइव्हची एनेबल, म्हणजे चालण्याची परवानगी, बंद असेल तरच त्याने ब्रेक सुटतो आणि डायल लावण्यासाठी स्पिंडल हाताने फिरवता येतो. त्यावर ‘फक्त स्पिंडल ब्रेक’ अशी पट्टी मुद्दाम लावली. झेड अक्षाच्या सर्व्होलाही ब्रेक आहे आणि तो चुकून सोडला तर हेड खाली येते. दोन्ही ब्रेकांना लोक नुसते ‘ब्रेक’च म्हणतात.

काम झाल्यावर आलेली अडचण

पहिल्या चाचणीत कमी वेगाची सुरुवात निर्विघ्न झाली. त्यानंतर १६० मिलिमीटरचा फेस मिल लावून वरच्या वेगाला एम५ दिला, तेव्हा ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजने ट्रिप झाला आणि ब्रेक करकचून लागला. कारण उघड होते. थांबण्याचा वेळ २ सेकंदांचा ठेवलेला होता. जड कटर एवढ्या लवकर थांबवताना मोटर जनरेटर बनते, तिची ऊर्जा डीसी बसमध्ये शिरते, आणि तिथले व्होल्टेज ८०० च्या आसपास गेले की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट बंद करतो. आउटपुट बंद झाले की ‘चालू’चा रिले पडतो, आणि ब्रेक पूर्ण वेगावर लागतो. ज्या परिस्थितीपासून ब्रेकला वाचवायचे होते, तीच आपण केलेल्या रचनेतून निर्माण होत होती.

थांबण्याचा वेळ वाढवणे हा एक मार्ग, ब्रेकिंग रेझिस्टर बसवणे हा दुसरा. ड्राइव्हमध्ये ही जादा ऊर्जा रेझिस्टरकडे वळवणारा चॉपर आधीपासून होता, फक्त रेझिस्टरची टर्मिनल रिकामी होती. मालकांना आणखी एक वस्तू नको होती. अभियंत्याचे म्हणणे पडले, की नुसता वेळ वाढवला तर कोणीतरी कधीतरी सायकल टाइम वाचवायला तो पुन्हा कमी करील. अखेर दोन्ही केले: रेझिस्टर बसवला आणि वेळ ४ सेकंद ठेवला.

इमर्जन्सी स्टॉपची रचनाही याच वेळी बदलली. आयईसी ६०२०४-१ या मानकात थांबवण्याचे प्रकार सांगितले आहेत: ‘शून्य’ प्रकारात वीज तत्काळ तोडली जाते, ‘एक’ प्रकारात यंत्र आधी नियंत्रित पद्धतीने थांबवले जाते आणि मग वीज तोडली जाते. येथे विलंबाचा सेफ्टी रिले घालून ‘एक’ प्रकार घेतला. फिरता जड कटर ब्रेकवर फेकण्यापेक्षा ड्राइव्हने थांबवलेला लवकर आणि खात्रीने थांबतो. वीजच गेली तर ब्रेक आहेच.

निष्पत्ती

बदलानंतर कमी वेगाचे ओव्हरलोड ट्रिप बंद झाले. बोरिंगच्या प्रोग्रॅममधील एस१५००ची ओळ काढून टाकली. मामांनी ती काही दिवस जपून ठेवली आणि मग स्वतःच काढली. पुढच्या तिमाही तपासणीत ब्रेकची फट मोजली, तेव्हा ती जवळजवळ होती तेवढीच आढळली. मोटर मात्र दीर्घ बोरिंगमध्ये अजूनही तापते, कारण पंख्याचा प्रश्न ब्रेकच्या दुरुस्तीने सुटणार नव्हता. त्यासाठी खालची रेंज वापरण्याची सूचना सेटअप शीटवर छापली आहे आणि ती पाळली जाते असे म्हणवत नाही. स्वतंत्र मोटर असलेला पंखा बसवण्याचा विचार चालू आहे.

वेगळे काय करता आले असते

ब्रेक उतरवण्याआधी कॉइलवरचे व्होल्टेज मोजले असते, तर पहिलाच लायनर वाया गेला नसता. यांत्रिक भाग डोळ्यांना दिसतो आणि खोलता येतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. मीटर लावायला लागणारा वेळ मात्र ब्रेक खोलण्याच्या वेळेच्या तुलनेत नगण्य होता.

लॉग बुकातील दोन्ही पाळ्यांच्या नोंदी आता एकाच पानावर, मशीननुसार, घेतल्या जातात. त्यात ‘काय केले तर चालते’ असा एक रकाना वाढवला आहे, कारण ऑपरेटर दोषाची तक्रार करण्याआधी त्याला वळसा घालायला शिकलेला असतो.

रेट्रोफिटच्या वेळी करारात मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या आतील जोडण्यांचा आराखडा मागायला हवा होता. ठेकेदाराने आपल्या केबल मोटरच्या ग्लँडपर्यंत नीट आणल्या, क्रमांक घातले, पॅनलचा आराखडा दिला. झाकणाच्या आत मात्र जुने यंत्र जसेच्या तसे राहिले, आणि ते कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते. पंखा, ब्रेक, थर्मिस्टर, एन्कोडर अशा मोटरवर बसलेल्या प्रत्येक वस्तूची वीज कुठून येते, हे ड्राइव्ह बसवण्याआधी लिहून घेतले तर हा प्रश्न तासाभरात दिसला असता.

याच शेडमधील दुसऱ्या मिलिंग मशीनचे रेट्रोफिट आता ठरले आहे. त्याच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स यंदा सर्वांत आधी उघडला गेला. तिथला ब्रेक २४ व्होल्टचा निघाला आणि त्याची वायर मोटरपासून स्वतंत्र, सरळ जुन्या पॅनलपर्यंत गेलेली होती. मात्र पॅनलमध्ये तिला आज्ञा देणारा रिले नेमका कोणता, हे शोधण्याचे काम अद्याप चालू आहे.